आठ हजार जास्त, ते कशाचे? नर्सच्या नोकरीत पगार आणि सुरक्षितता यांचा हिशेब

"मावशे, आठ हजार जास्ती देतत. काय करूचा, सांग."

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी माझी भाची दोन कागद घेऊन पडवीत येऊन बसली. पोरगी जीएनएम झालेली, म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेली. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणीही झाली. एक कागद कुडाळजवळच्या पंचवीस खाटांच्या रुग्णालयाचा: आठ तासांची पाळी, आठवड्याला एक सुट्टी, महिना 22,000. दुसरा मुंबईच्या वेशीवरच्या मोठ्या रुग्णालयाचा: बारा तासांची पाळी, महिन्याला दोन सुट्ट्या, महिना 30,000 आणि 'राहण्याची मोफत सोय'.

घरातल्या सगळ्यांचा निकाल आधीच लागला होता. तीस म्हणजे तीस. बावीस आणि तीस यांत विचार कसला करायचा?

मी एकतीस वर्षं सिस्टर म्हणून काम केलं, त्यातली शेवटची नऊ वॉर्डाची इन्चार्ज होते. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, तेव्हा दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेवर काही आठवडे देशभर बोललं गेलं. मग ती चर्चा विरली. प्रश्न मात्र दरवर्षी नोकरीची पहिली ऑर्डर हातात घेणाऱ्या प्रत्येक मुलीपुढे तसाच उभा राहतो. म्हणून भाचीला जे समजावलं, ते इथे सविस्तर लिहिते.

## आधी तासाचा दर काढा

महिन्याचा आकडा डोळे दिपवतो, म्हणून तो आधी फोडायचा. कुडाळची नोकरी म्हणजे महिन्याला 26 दिवस, रोज 8 तास: 208 तास. बावीस हजारांना 208 ने भागलं की तासाला साधारण 106 रुपये पडतात. दुसरी नोकरी 28 दिवस, रोज 12 तास: 336 तास. तीस हजार भागिले 336 म्हणजे तासाला 89 रुपये.

म्हणजे मोठ्या पगाराच्या नोकरीत तिच्या एका तासाची किंमत सतरा रुपयांनी कमी. ती 128 तास जास्त काम करणार, म्हणजे आठ तासांच्या सोळा ड्यूट्या, आणि त्याचे मिळणार आठ हजार. जास्तीचा प्रत्येक तास साडेबासष्ट रुपयांना गेला. कुडाळच्याच दराने 336 तासांचे पैसे मागितले असते तर साडेपस्तीस हजार झाले असते. तिच्या बाबांनी हे गणित दोनदा करून पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

अजून मेसचे पैसे, गणपतीला आणि शिमग्याला यायचं भाडं हिशेबात धरलेलंच नाही. 'मोफत सोय' रुग्णालयाच्याच वरच्या मजल्यावर असेल तर तिचीही किंमत असते. रात्री एखादी सिस्टर आली नाही की पहिलं दार तुमचं वाजतं. मी स्वतः सरकारी नोकरीच्या आधी दोन वर्षं अशा खोलीत काढली आहेत. त्या दोन वर्षांत सलग सहा तास झोप झालेल्या रात्री मला बोटांवर मोजता येतील.

## जास्त पगार का देतात?

अर्थशास्त्रात याला एक नाव आहे: भरपाईचं वेतन. काम जितकं कष्टाचं, घाणीचं किंवा धोक्याचं, तितका त्याला मोबदला जास्त द्यावा लागतो, नाहीतर कोणी यायचं नाही. ॲडम स्मिथने 1776 मध्येच हे मांडलं होतं. पण कोकणातल्या माणसाला ते सांगायला स्मिथ कशाला हवा! आंब्याच्या बागेत झाडावर चढणाऱ्या गड्याला खाली पेट्या भरणाऱ्यापेक्षा जास्त मजुरी मिळते, ती याच कारणाने.

त्याच बागेत पुढचं उत्तरही आहे. उंच झाडाचे जास्त पैसे चढणारा हक्काने मागतो. पण किडलेल्या फांदीचा भाव कुणी ठरवत नाही. तिच्यावर पाय ठेवायचाच नसतो. नर्सच्या कामातही या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता यायला हव्यात. अतिदक्षता विभाग, रात्रपाळी, घरापासून दूरची जागा, लांबच लांब चालणारी ऑपरेशनं ही उंच झाडं. त्यांचे जास्त पैसे घ्यावेत, मागूनही घ्यावेत. एकटीकडे तीस रुग्ण, हातमोज्यांचा तुटवडा, रात्री बंद न होणारं दार ही किडलेली फांदी. तिथे पगार कितीही वाढवला तरी फांदी तेवढीच किडलेली राहते.

भरपाईचं हे तत्त्व दोन अटी पाळल्या तरच चालतं. धोका किती आहे हे काम घेणाऱ्याला आधी कळायला हवं, आणि 'नको' म्हणायची सोय हवी. आपल्या बाजूला दोन्ही अटी लंगड्या आहेत. मुलाखतीत वॉर्ड दाखवत नाहीत. आणि तालुक्याच्या गावात मोठी रुग्णालयं दोन-तीनच असतात, सगळे डॉक्टर एकमेकांना ओळखतात. मग पगारही कमी आणि धोकाही जास्त, अशी जोडी सहज जमते. माझ्या पाहण्यात हीच जोडी जास्त आहे. हातमोजे मोजून देणारा मालक पगारही मोजूनच देतो.

उलट, कुठे अचानक चढा पगार दिसला तर पहिला प्रश्न हा विचारावा: या जागेवर आधी कोण होती आणि ती का गेली?

## किती पगार म्हणजे कमीच?

याचीही एक रेघ आखलेली आहे, पण फार थोड्यांना ती माहीत असते. खासगी रुग्णालयांतल्या नर्सच्या पिळवणुकीचा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला होता. न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानुसार केंद्र सरकारने समिती नेमली. समितीची शिफारस अशी: 200 पेक्षा जास्त खाटा असतील तर राज्य सरकारी नर्सइतकाच पगार, 100 पेक्षा जास्त असतील तर फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 खाटा असतील तर फार तर 25 टक्के कमी, आणि 50 पेक्षा कमी खाटा असल्या तरी 20,000 च्या खाली नाही. रजा, कामाचे तास, राहणं, येण्याजाण्याची सोय याही बाबतीत सरकारी नर्सच्या बरोबरीने वागवावं, असंही त्यात आहे.

ही शिफारस आहे, अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली. ती दाखवून उद्या पगार वाढणार नाही. पण बोलणी करताना आपली मागणी अवास्तव नाही, हे स्वतःला पटलेलं असतं. दहा-बारा हजारांवर राबणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना वाटत होतं, आपल्याला शिकवतायत हेच खूप झालं.

## सगळ्यात मोठा आकडा: एका नर्समागे किती रुग्ण?

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यात जाणाऱ्या होडीवर किती माणसं घ्यायची याची मर्यादा असते. वर माणसं घेतली तर होडी लगेच बुडेलच असं नाही, दहा फेऱ्या सुखरूप होतीलही. अकराव्या फेरीला वारा फिरतो. वॉर्डालाही अशी मर्यादा असते, फक्त ती दारावर लिहिलेली नसते.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा की साध्या रुग्णालयात 5 रुग्णांमागे एक नर्स, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 3 मागे एक, आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला एकास एक. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने 1999 मध्ये कायदाच केला आणि 2004 पासून तो लागू झाला. तिथे साध्या वॉर्डात एका नर्सकडे पाचापेक्षा जास्त रुग्ण द्यायचे नाहीत, अतिदक्षता विभागात दोनापेक्षा जास्त नाहीत.

यामागे भक्कम पुरावा आहे. अमेरिकेतल्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांचा अभ्यास करून 2002 मध्ये निष्कर्ष मांडले. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, नर्समागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली आढळली. हे सात टक्के नीट समजून घ्या. शंभरातले सात जास्त मरतात असा याचा अर्थ नाही. शंभरात दोन दगावत असतील तर ते दोन किंचित वाढतात. पण वाढ साचत जाते: चाराचे आठ रुग्ण झाले की शक्यता 31 टक्क्यांनी वर. आणि प्रत्येक वाढत्या रुग्णामागे नर्स पार थकून, विटून जाण्याची शक्यता 23 टक्क्यांनी वाढत होती.

आकडे सोडा, रात्री तीनचा वॉर्ड बघा. पंधरा नंबरचं सलाईन संपत आलंय. नऊ नंबरचे आजोबा उठून बाथरूमला निघालेत. कॅज्युअल्टीतून विंचू चावलेला मुलगा वर पाठवलाय. लाल विंचवावर प्राझोसिनचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केला आणि कोकणात कितीतरी पोरं वाचली. पण गोळी दिली की काम संपत नाही. नाडी, रक्तदाब, हातपाय गार पडलेत का, घाम सुटलाय का, हे कुणीतरी रात्रभर पुन्हापुन्हा बघायचं असतं. ते 'कुणीतरी' म्हणजे एकटी सिस्टर.

अशातच सहा नंबरच्या इन्सुलिनची वेळ होते. आपल्याकडे इन्सुलिनची कुपी दोन ताकदींची मिळते: एका मिलीलीटरला 40 युनिट आणि एका मिलीलीटरला 100 युनिट. सिरिंजही दोन. लाल टोपणाची चाळीसची, नारिंगी टोपणाची शंभरची. ट्रेमध्ये दोन्ही शेजारीशेजारी पडलेल्या असतात आणि पिवळ्या दिव्याखाली लाल-नारिंगी सारखेच दिसतात. शंभरची कुपी आणि चाळीसची सिरिंज अशी गाठ पडली तर रुग्णाला अडीचपट इन्सुलिन जातं. साखर कोसळते, आणि तो झोपलाय असं समजून सकाळपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच नियम पहिल्या वर्षी प्रत्येक नर्सला घोटून घोटून शिकवतात. पाच रुग्ण असले की ते पाळता येतात. बत्तीस असले की त्यातली निष्काळजी मुलगीच चुकते असं नाही. कुणीही चुकेल.

## चूक झाली की दोष कुणाचा?

हा भाग मुली ऐकून सोडून देतात, म्हणून थोडं थांबते. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या विभागाला आग लागली आणि दहा बाळं गेली. पुढे ज्यांच्यावर कारवाई झाली त्यांत परिचारिकाही होत्या. त्या प्रकरणाचा न्याय मी इथे करत नाही. एवढंच सांगते, की वीजजोडणी, अग्निशमन, मनुष्यबळ यांतली कुठलीही गोष्ट रात्रपाळीच्या नर्सच्या हातात नसते, पण हजेरीपटावर सही तिची असते.

आठ हजार जास्त घेताना तुम्ही नोंदणी क्रमांक आणि नाव त्या जागेच्या भरवशावर ठेवता. म्हणून मनुष्यबळ कमी असेल त्या दिवशी इन्चार्जला किंवा मेट्रनला, म्हणजे नर्सच्या प्रमुखांना, लेखी कळवायचं. 'आज रात्री वॉर्डात 28 रुग्ण, नर्स एक' एवढी एक ओळ तारीख-वेळेसह रिपोर्ट बुकात पुरते. भांडण करायची गरज नाही.

## स्वतःच्या शरीराचा हिशेब

1994 साली एका खासगी दवाखान्यात, पहाटे, वापरलेल्या सुईवर टोपण लावताना ती माझ्या बोटात घुसली. रुग्ण कोण, त्याला काय आहे, काही माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "डेटॉल लाव आणि कामाला लाग." तपासणीचा निकाल हातात येईपर्यंतचे तीन महिने मी घरच्यांना काही न सांगता काढले. त्या काळात आईने दिलेला पेला मी वेगळा धुऊन ठेवत होते. अशाने काही पसरत नाही, हे शिकलेली असूनही.

टोचलेली सुई किती धोक्याची? हेपटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली तर संसर्गाची शक्यता शंभरात 6 ते 30. हेपटायटिस सी असेल तर शंभरात सुमारे 2. एचआयव्ही असेल तर हजारात 3. लोक सगळ्यात जास्त एचआयव्हीला घाबरतात, पण खरा धोका पहिल्याचा. आणि नेमकी त्याच्यावरच उत्तम लस आहे: तीन डोस, पहिल्यानंतर एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी. एचआयव्हीसाठी 28 दिवसांची प्रतिबंधक औषधं असतात. ती दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत. सरकारी यंत्रणेत ती मिळतात. म्हणजे मुलाखतीतला खरा प्रश्न असा: रात्री दोनला सुई टोचली तर मी कोणाला फोन करायचा आणि औषध किती वेळात हातात पडेल?

लस मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. जैववैद्यकीय कचऱ्याबद्दलचे 2016 चे नियम सांगतात की कचरा हाताळणाऱ्या सगळ्या कर्मचाऱ्यांना हेपटायटिस बी आणि धनुर्वाताची लस रुग्णालयाने द्यायची, नोकरीच्या सुरुवातीला आणि पुढे वर्षातून एकदा तरी आरोग्य तपासणी करायची. सुया टाकायचा पांढरा, न फुटणारा डबा वॉर्डात हाताच्या अंतरावर हवा. तो डबा कुठे ठेवलाय, यावरून मला पाच मिनिटांत रुग्णालय कळतं.

आता झोप. सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाचं हातडोकं साधारण 0.05 टक्के दारू रक्तात असल्यासारखं चालतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्या देशात गाडी चालवायची मर्यादा 0.03 टक्के आहे. म्हणजे सकाळी सातला उठून बारा तासांच्या रात्रपाळीला गेलेली सिस्टर मध्यरात्रीनंतर ज्या अवस्थेत इंजेक्शन भरते, त्या अवस्थेच्या माणसाला पोलीस स्कूटर चालवू देणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये रात्रपाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' गटात घातलं आणि 2019 मध्ये ते कायम ठेवलं. यावरून नाईट करायचीच नाही असं नाही. आम्ही सगळ्यांनी केल्या. पण सलग किती नाईट आणि त्यानंतर किती दिवस विश्रांती, हे ऑर्डरवर असायला हवं.

## येणं-जाणं, अंधार आणि पाऊस

अरुणा शानबाग उत्तर कन्नडच्या किनाऱ्यावरून मुंबईत नर्स व्हायला आलेली मुलगी. 27 नोव्हेंबर 1973 ला केईएममध्ये ती तळघरात कपडे बदलायला गेली आणि तिथल्याच सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. 18 मे 2015 ला ती गेली. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं त्याच रुग्णालयातल्या नर्सनी तिला सांभाळलं. 2024 मध्ये कोलकात्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमलं तेव्हा तिचं नाव पुन्हा निघालं, आणि ड्यूटी रूम, स्वच्छतागृह, घरी पोचवायची गाडी यांचीच चर्चा झाली. कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली असणं, ही एवढी मोठी गोष्ट आहे.

कायदे आहेत. महाराष्ट्रात 2010 पासून डॉक्टर-नर्सवर हल्ला करणं हा अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी, लहान जागेसाठी जिल्ह्याला स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांत करायची. समितीतल्या बाईंचं नाव भिंतीवर लावलंय का, ते बघा.

पण कोकणात धोका पुष्कळदा रुग्णालयाच्या फाटकाबाहेर सुरू होतो. दुपारची पाळी रात्री आठला सुटते, शेवटची एसटी पावणेआठला गेलेली असते. फाट्यावर उतरून वाडीपर्यंत दोन किलोमीटर, आषाढातला पाऊस, हातात मोबाईलचा उजेड आणि पायाखाली फुरशाची धास्ती. दुसरी गोष्ट रुग्णवाहिकेची. अत्यवस्थ रुग्ण गोव्यातल्या मोठ्या रुग्णालयात, बांबोळीला पाठवायचा, सोबत सिस्टर हवी. रात्री एक वाजता रुग्ण गोव्यात सोपवला, मग ती परत कशी येणार? चालकाला वाटेत दुसरं भाडं मिळालं तर? हे मी कल्पनेने लिहीत नाही, माझ्या वॉर्डातली एक मुलगी पहाटेपर्यंत तिथल्या बाकावर बसून होती.

आणि पूर. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा तिथल्या एका कोविड रुग्णालयात पाणी शिरलं, वीज गेली आणि आठ रुग्ण दगावले. नदीकाठच्या गावात नोकरी घेताना जनरेटर कुठल्या मजल्यावर आहे हे विचारायला लाजू नका.

## "घरावर कर्ज आहे, तुमचं बोलणं सोपं आहे"

हा आक्षेप मी मनापासून मानते. ज्या घरात बँकेचा हप्ता थकलाय तिथे आठ हजार म्हणजे आठ हजार. अशी मुलगी मोठ्या पगाराची नोकरी घेणार आणि तिला दोष देणारी मी कोण? तिच्यासाठी माझं सांगणं वेगळं आहे. मुदत ठरवून जा: अमुक महिने, अमुक रक्कम, मग दुसरीकडे. आणि तिथे अडकून पडाल असं काही सही करू नका. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या कपाटात ठेवायची नाहीत, साक्षांकित प्रत द्यायची. 'दोन वर्षांच्या आत सोडलं तर लाखभर भरा' असा बाँड पुढे आला की समजायचं, मुली इथे राहत नाहीत म्हणून दोरखंड लागतोय.

## "पण अनुभव तर मिळतो"

मिळतो, शिकवणारं कुणी असेल तर. पहिल्या सहा महिन्यांत बाजूला जुनी सिस्टर असते तिथे मुलगी घडते. पहिल्याच आठवड्यात वीस रुग्ण देऊन एकटी सोडतात तिथे ती धावायला शिकते, आणि चुका झाकायलाही. दुसरी सवय पुढे मोडता मोडत नाही. मला ती मोडायला लागलेली वर्षं आठवतात, कारण मी तशाच जागी सुरुवात केली होती.

## "मग सरकारीच धरावी का?"

राज्य सरकारी अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची वेतनश्रेणी 35,400 पासून सुरू होते, वर महागाई भत्ता. पगार, रजा, निवृत्तीनंतरची सोय, सगळंच बरं. जागा निघाली की अर्ज नक्की भरावा. पण सरकारी म्हणजे सुरक्षित असं समजू नये. तिथेही एका नर्सकडे चाळीस रुग्ण मी सांभाळले आहेत, जमिनीवर गाद्या टाकून. फरक असा की तिथे संघटना असते, वर्षानुवर्षांचा रिपोर्ट बुक असतो आणि मुलगी तक्रार करते म्हणून दुसऱ्या दिवशी नोकरी जात नाही.

आखातात जायची वाट आपल्या किनाऱ्याला जुनी आहे. त्यासाठी एकच सांगते: 2015 पासून आखाती देशांत नर्स म्हणून जाताना 'ई-मायग्रेट' या सरकारी पोर्टलवरून परवानगी लागते. टुरिस्ट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बदलू, असं म्हणणाऱ्या एजंटाशी बोलणं तिथेच थांबवा.

## शेवटी भाचीने काय केलं

तिने दोन्हीकडे फोन करून एकच प्रश्न विचारला: "रात्री वॉर्डात किती रुग्ण आणि किती सिस्टर असतात?" मोठ्या रुग्णालयातून उत्तर आलं, "त्याची काळजी तुम्ही करू नका, ॲडजस्ट होतं." मग मैत्रिणींतून शोधत शोधत तिने आधी तिथे असलेल्या मुलीचा नंबर मिळवला. ती पाच महिन्यांत सोडून देवरुखला परत आली होती. बोलणं पंचवीस मिनिटं चाललं. फोन ठेवल्यावर भाची बराच वेळ काही बोलली नाही, अंगणातल्या तुळशीची पिवळी पानं खुडत बसली.

कुडाळच्या रुग्णालयात ती स्वतः गेली, संध्याकाळी, पाळी बदलायच्या वेळी. रात्री बारा-चौदा रुग्ण, दोन सिस्टर, एक मावशी. पाचाचा निकष इथेही पुरा होत नाही, पण शेजारी दुसरी आहे. सुयांचा पांढरा डबा ट्रॉलीला अडकवलेला होता. कपडे बदलायच्या खोलीची कडी मोडकी होती. तिने ती आधी बसवून घ्या म्हणून सांगितलं, आणि रात्री सुटल्यावर फाट्यापर्यंत गाडी सोडेल हे ऑर्डरवर लिहून मागितलं. रुग्णालयाच्या मॅडमनी कडी दोन दिवसांत बसवली. गाडीचं लिहून द्यायला आठवडा घेतला, पण दिलं. पगार पाचशेने वाढवला, त्याहून नाही.

कॉलेजात हेपटायटिस बीचे दोन डोस झाले होते, तिसरा परीक्षेच्या धांदलीत राहिला होता. मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, राहिलेला डोस घेतला की पुरते. तो गेल्या सोमवारी रुग्णालयाने दिला. एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून शरीराने लस धरली का ते बघायचं असतं. ती तारीख तिने माझ्या पडवीतल्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहून ठेवली आहे.